बंद केलेली चौथी टेस्ट

प्रिय खटपट्या,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि पुढे सामसूम. म्हटलं, आता कागदच बरा. फोन मध्येच कापता येतो, कागद फाडायचा तरी आधी हातात घ्यावा लागतो. फाडायचा तर खुशाल फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड. एवढं एक तुझ्या आत्याचं ऐक.

आधी घरचं सांगते. तुझ्या बाबांचा, म्हणजे माझ्या दादाचा, डावा डोळा गेला तो गेलाच. डॉक्टरांनी मागच्या महिन्यात हात टेकले. बरगड्या जुळल्या, खुबाही जुळला, पण काठी सुटत नाही. जेवायला बसला की डाव्या बाजूचा पेला त्याला दिसत नाही, हात लागून सांडतो, आणि मग तोच पेला उचलून भिंतीवर भिरकावतो. स्वयंपाकघराच्या भिंतीचा गिलावा सहा-सात ठिकाणी उडालाय. वहिनी ताट ठेवते आणि पाठ फिरवते. तू गेल्यापासून चार महिने ती नवऱ्याशी एक अक्षर बोललेली नाही. ‘त्यांना विचारा, अजून वाढू का,’ असं त्याच्यासमोर मला सांगते. दादाही कमी नाही, तो म्हणतो, ‘तिला सांग, पोट भरलं.’ तीन माणसांच्या टेबलावर मी आपली पोस्टमन. हसू येतं आणि रडूही येतं, आणि दोन्ही गिळून मी भांडी घासायला उठते.

तुला या धंद्यात ओढलं ते मी. पॅकिंगच्या खोलीत अकरा वर्षं खोक्यांना चिकटपट्टी मारणारी बाई, पन्नाशीत कॉम्प्युटर शिकली, आणि त्याच कंपनीची ऑनलाइन विक्रीची साइट नीट चालते का ते बघायला बसली. पहिली दोन वर्षं हातानेच सगळं. वस्तू शोध, टोपलीत टाक, पैसे भर, रद्द कर, पुन्हा पहिल्यापासून. मग कळलं की हेच काम आपल्यासाठी यंत्र करू शकतं, फक्त त्याला नीट सांगता यायला हवं. फुकटचे व्हिडिओ बघून बघून, एकेक ओळ वहीत उतरवून शिकले. तुझा डिप्लोमा झाला तेव्हा साहेबांच्या टेबलावर मूठ आपटून मी म्हटलं होतं, या पोराला घ्या, घरातलं एकही घड्याळ त्याने धड ठेवलेलं नाही, पण उघडलेलं प्रत्येक घड्याळ पुन्हा चालू केलंय.

पहिल्या आठवड्यात तू पुस्तकातल्या व्याख्या घडाघडा म्हणून दाखवायचास आणि मी म्हणायचे, गप रे, शर्ट डोळ्यांपुढे आण. युनिट टेस्ट म्हणजे एकेक टाका ओढून बघणं. इंटिग्रेशन म्हणजे बाही खांद्याला नीट बसली का ते बघणं. एंड-टू-एंड म्हणजे शर्ट अंगात घालून बाजारात एक फेरी मारून येणं. रिग्रेशन म्हणजे नवा खिसा लावताना जुनं बटण तुटलं नाही ना ते बघणं. आणि लोड टेस्ट म्हणजे तोच शर्ट दहा जणांनी दहा बाजूंनी ओढणं. तू हसून लोळलास आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या ऑफिसला ऐकवलंस. तेव्हापासून मी सगळ्यांची आत्याबाई झाले. साहेबसुद्धा तसंच म्हणू लागले.

मी लिहिलेली सगळ्यात पहिली टेस्ट तुला आठवते ना? गोदामात एकच नग उरलाय. यंत्रातले दोन खोटे गिऱ्हाईक त्याच क्षणी ‘घ्या’चं बटण दाबतात. एकाला वस्तू मिळाली पाहिजे, दुसऱ्याला ‘संपली’ असं दिसलं पाहिजे. बस, एवढीच. पॅकिंगच्या खोलीत एकाच बाहुलीसाठी दोन गिऱ्हाइकांच्या नावांच्या चिठ्ठ्या आलेल्या मी स्वतः पाहिल्या होत्या, म्हणून सुचली. आठ वेळा चालवली की सात वेळा हिरवी व्हायची, म्हणजे पास, आणि एकदा लाल, म्हणजे नापास. का लाल, ते कोणालाच सापडेना. मग ती ऑफिसातली थट्टाच झाली. ‘आत्याबाईंची टेस्ट आज पुन्हा रुसली.’ ‘अहो, तिला चहा पाजा, मग होईल हिरवी.’ मीही त्यांच्याबरोबर हसायचे. आतून मात्र दर वेळी एक कातडं सोललं जायचं. वाटायचं, शिकलेल्यांनी लिहिलेल्या टेस्ट कशा सरळ वागतात आणि माझीच तेवढी खुळी. नाचता येईना अंगण वाकडं, असंच सगळे मनात म्हणत असणार.

सेलच्या त्या दिवसाबद्दल तू मला कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. तू नंतर पोचलास. आधीचं तुला ठाऊक नाही.

थंडी कशी होती ते तुला माहीत आहे. नळातलं पाणी गोठत होतं. अर्ध्या किमतीत हीटर, तीनशे नग, आजच काउंटरवरून घेऊन जा, असा तो सेल होता. दहाला सुरू झाला. आदल्या आठवड्यात आपण खोट्या पन्नास हजार गिऱ्हाइकांची लोड टेस्ट केली होती आणि साइट पडली नाही म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या. ती त्या दिवशीही पडली नाही. पडली असती तर बरं झालं असतं. साडेदहाला माझ्या पडद्यावर हीटरपुढे शिल्लक दिसली: उणे आठशे चाळीस. अकराशे चाळीस माणसांच्या फोनवर एकच मेसेज गेला होता, ‘तुमची वस्तू काउंटरवर तयार आहे.’ आणि कंपनीच्या काउंटरवर माल द्यायला रोजच्यासारखा दादा होता, आणि त्याचा एक जोडीदार.

मी कोणाला काही न सांगता धावत सुटले. दोन गल्ल्यांचं अंतर. कोपऱ्यावर वळायच्या आधीच आवाज आला, एखाद्या जनावराला कोंडून मारत असावेत तसा. रस्ता माणसांनी ठासून भरलेला. प्रत्येकाच्या हातात फोन वर धरलेला आणि प्रत्येकाचा मेसेज खरा. हे नीट लक्षात घे, त्यांतला एकही खोटं बोलत नव्हता. कोणाच्या घरी तान्हं मूल, कोणाची आई अंथरुणाला खिळलेली. पैसे भरलेले, आणि आतून एक माणूस सांगतोय की माल संपला. दाराच्या काचेवर आधी हात आपटले, मग खांदे, मग कोणीतरी फूटपाथचा दगड उचलला. काच एकदम खाली आली. पुढचे लोक आत पडले आणि मागचे त्यांच्या पाठीवर पाय देऊन चढले. एका बाईचे केस दुसरीने मुठीत धरले होते आणि ती तिचं डोकं कपाटाच्या कडेवर आपटत होती, मोजून, दम घेत घेत, जणू घरातलंच काम. कोणीतरी शटर ओढलं आणि खाली एका माणसाची बोटं होती. त्याची किंकाळी ऐकूनही ते वर करायला कोणी थांबलं नाही. दादाचा जोडीदार मागच्या दाराने कधीच पळाला होता.

आणि दादा काय करत होता, सांगू? टेबलामागे उभा राहून म्हणत होता, ‘रांगेत या. मेसेज दाखवा. एकेक जण या.’ कपाळातून रक्त गळतंय, सदरा फाटलाय आणि माणूस म्हणतोय, रांगेत या. शेवटच्या खोक्याला दोघं लोंबकळले होते. ते खोकं दादाने धरून ठेवलं, ज्याचा नंबर असेल त्यालाच देणार म्हणून. त्यातल्या धिप्पाडाने ते हिसकलं आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून दादाच्या तोंडावर आणलं. खोक्याच्या कोपऱ्यावर पत्र्याची पट्टी असते. अकरा वर्षं मीच तर त्या लावायचे. दादा पडला आणि लोक त्याच्या अंगावरून चालले. बरगडी मोडल्याचा आवाज मी रस्त्याच्या कडेला ऐकला असं मला वाटतं. एवढ्या गोंगाटात तो ऐकू येणं शक्य नाही हे मला कळतं, पण मी ऐकला.

मग मी आत घुसले. कशी, आठवत नाही. हातात माझा जेवणाचा स्टीलचा डबा होता तो फिरवत सुटले. एका माणसाच्या तोंडावर मी तो सगळ्या ताकदीने हाणला. दात पडून माझ्या चपलेवर आला. त्याच्या हातात फक्त फोन होता. तो कोणालाच मारत नव्हता, तो भिंतीला चिकटून रडत होता. मी त्याला पुन्हा मारलं. तू आलास तेव्हा मी दादाच्या अंगावर आडवी पडले होते आणि तू समजलास, आत्याने बाबांना वाचवलं. हॉस्पिटलमध्ये सगळ्यांना तेच सांगत फिरलास. मी तुला बोलू दिलं.

पुढची चौकशी तुझ्यासमोरच झाली. साहेबांनी कागद पुढे केला. त्या आठवड्यात तुझ्या नावावर चार टेस्ट बंद केल्याची नोंद होती. त्यांतल्या तीन टेस्ट पैसे भरायच्या पानाच्या, प्रत्येकीपुढे तू कारण नीट लिहिलेलं. चौथी माझी, शेवटच्या नगाची. तिच्यापुढे कारणाची जागा कोरी. तू त्या कोऱ्या जागेकडे किती वेळ बघत बसलास! तिसऱ्या मजल्याच्या त्या खोलीत मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत होते. मग तू म्हणालास, तीन मी बंद केल्या, तर चौथीही मीच केली असणार, गडबडीत लक्षात राहिलं नसेल. साहेबांना तेवढंच हवं होतं. सुंठेवाचून खोकला गेला. संध्याकाळी तुझं ओळखपत्र काढून घेतलं.

आणि तू, वेड्या, खोटं बोलायला शिकला नाहीस. दादा हॉस्पिटलातून घरी आला त्या दुपारी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलास आणि म्हणालास, ‘बाबा, माझ्यामुळे झालं हे.’ तुझ्या बापाला टेस्ट म्हणजे काय ते कुठे कळतंय? त्याला एवढंच कळलं की पोराने एक बटण दाबलं आणि आपला डोळा गेला. नवी काठी होती, खालच्या टोकाला रबर बसवलेली. ती उलटी धरून मुठीच्या बाजूने मारत सुटला. पहिला फटका तू कानावर घेतलास. हात वर करशील, निदान वाकशील, असं मला वाटलं. तू नुसता उभा. पाठीवर, दंडावर, गुडघ्यामागे. खाली बसलास तरी तो थांबेना. वहिनी मध्ये पडली तर तिला कोपराने ढकललं. तुझ्या ओठातून रक्त जमिनीवर पडत होतं आणि तू म्हणत होतास, ‘मारा, बाबा.’ मी दारात उभी होते. हातात पाण्याचा तांब्या होता. मी तो खालीही ठेवला नाही.

आता ऐक. सेलच्या आदल्या दिवशी दुपारी चारला तू दादाचं चिठ्ठ्या छापायचं यंत्र बसवून द्यायला काउंटरवर गेला होतास. जाताना तुझा कॉम्प्युटर उघडाच राहिला. माझ्या मशीनवर काहीतरी नवं भरणं चालू होतं, म्हणून मी तुझ्या जागेवर बसले. नवा कोड साइटवर चढवायचा तर सगळ्या टेस्ट हिरव्या हव्यात. सगळ्या हिरव्या, माझी एक लाल. पुन्हा चालवली, लाल. तिसऱ्यांदा हिरवी, चौथ्यांदा लाल. साहेब मागून जाता जाता हसून म्हणाले, ‘काय आत्याबाई, अजून रुसवा गेला नाही का?’ आणि दोन टेबलांवरून खुदखुद ऐकू आली. त्या हसण्यावर मी ती टेस्ट बंद केली, खटपट्या. तुझ्या खुर्चीत बसून, तुझ्या नावाखाली. कारणाच्या जागेत काय लिहू? ‘लाज वाटली’ असं लिहू? कोरंच सोडलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती टेस्ट खुळी नव्हती. आठातून एकदा ती लाल व्हायची, कारण आठातून एकदा आपली साइट खरंच एक नग दोघांना विकत होती. युनिट टेस्ट हिरव्या, कारण एकेक टाका पक्का होता. एंड-टू-एंड हिरव्या, कारण त्यांतला गिऱ्हाईक बाजारात एकटाच जायचा. लोड टेस्टने गर्दी आणली, पण तिने फक्त साइट उभी आहे का ते पाहिलं, कोणाच्या पदरात काय पडलं ते मोजलंच नाही. दोन माणसं एका वस्तूवर एकदम हात घालतात हे त्या सगळ्या ढिगाऱ्यात एकटी तीच सांगत होती, आणि ते एका खोकी बांधणाऱ्या बाईला सुचलेलं होतं. दुनियेने विश्वास ठेवला नाही ते सोड. माझाच माझ्यावर बसला नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. कच्चं शीत माझ्या बोटाला लागलं होतं, आणि मी बोट पुसून टाकलं.

चौकशीच्या खोलीत मी बोलणार होते. शपथ घेत नाही, माझ्या शपथेला आता कोण विचारतं? जीभ वळली नाही. मग वाटलं, दादा बरा होऊन घरी येऊ दे, मग सांगू. मग तू मार खाल्लास, आणि त्यानंतर सांगायचं म्हणजे तुझ्या अंगावरचा प्रत्येक वळ आपल्या नावावर घ्यायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आणि चोर बाजूला पाण्याचा तांब्या धरून उभा. तू शहर सोडून गेलास तेव्हा स्टँडवर तुझी बॅग मी उचलून दिली होती. तू वाकून माझ्या पाया पडलास आणि मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला मी अजून माफ केलेलं नाही.

मागच्या सोमवारी साहेबांना सगळं लेखी दिलं. ते म्हणाले, ‘आत्याबाई, मिटलंय ते, कशाला उकरता?’ मी म्हटलं, तुमचं मिटलं असेल, आमच्या घराच्या भिंतीचा गिलावा अजून पडतोय. शेवटी माझ्या जबाबावर त्यांनी सही केली. तुझ्या नावावर डाग नाही असं त्यात स्पष्ट आहे, प्रत सोबत जोडलीय. मला घरी बसवलंय आणि पुढे पोलिसांपुढेही हेच सांगायचंय. ज्या माणसाचा दात मी पाडला त्याचा पत्ता लागलाय, त्याच्याकडेही जाणार आहे.

आणि काल दुपारी दादाला सांगितलं. जेवण झाल्यावर, त्याच्या उजव्या बाजूला बसून, म्हणजे त्याला माझं तोंड दिसावं. तो टेबलाला धरून उठला. मग काठी उचलली. मी हलले नाही. एकच बसली, खांद्यावर, माझा हात अजून वर जात नाहीये. दुसरी उगारली तेव्हा वहिनी बोलली. चार महिन्यांत पहिल्यांदा, थेट त्याला. ‘तिला मारून त्याच्या पाठीवरचे वळ उतरणार नाहीत.’ काठी तिथेच राहिली. दादा मटकन खाली बसला, मोडक्या खुब्यासकट, आणि विचारलं, ‘किती मारल्या होत्या गं मी त्याला?’ वहिनी म्हणाली, ‘अकरा.’ मीही मोजल्या होत्या. आम्ही दोघींनी मोजल्या होत्या आणि एकमेकींना सांगितलं नव्हतं. मग तुझा बाप रडला. ज्या डोळ्याने दिसत नाही तोही रडतो, हे मला काल कळलं.

आज सकाळी उठून त्याने बसचं तिकीट काढायला लावलं. पुढच्या आठवड्यात गुरुवारी तो तुझ्याकडे येतोय, एकटाच. वहिनी म्हणाली मी येते, तर ‘नको, मारलं एकट्याने, जाणारही एकट्याने’ असं म्हणाला. काय बोलणार आहेस असं विचारलं, तर म्हणतो, ‘ते मला कुठे माहीत?’ बॅग भरून झाल्यावर मला हाक मारली आणि म्हणाला, ‘त्याला आधी कळव. दारात माझी काठी वाजली तर पोरगं म्हणेल, राहिलेलं मारायला आला.’ म्हणून हे पत्र. दादा दुपारी चारच्या सुमाराला पोचेल. त्याला डावीकडचं दिसत नाही, तेव्हा तुझ्या जिन्याला कठडा नसेल त्या बाजूने तू उतर आणि त्याचा हात धर. नाहीच धरावंसं वाटलं तर नको धरूस, पण जिन्याचा दिवा तेवढा लाव. माझ्याशी बोलायचं की नाही ते नंतर कधी ठरव, किंवा ठरवूच नकोस, त्यावर माझा हक्क नाही. गुरुवारचं मात्र आजच ठरव.

अजूनही तुझीच म्हणवून घेणारी,
आत्या